पेशव्यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स

स्मरणिकेच्या संपादक मंडळातून फोन आला तेव्हा मला बजावले होते, की शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तुझ्या विषयातले काहीतरी दे. माझा विषय कोणता, हा प्रश्न मलाच पडला. तेहतीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली. आधी अनुरेखक म्हणून, नंतर आरेखक म्हणून. धरणाचे, चाऱ्यांचे, मोऱ्यांचे नकाशे काढले. त्यावर लेख लिहिला तर तुम्ही पाने उलटून सरळ फोटोंकडे जाल. निवृत्तीनंतर मात्र एका माणसाचा नाद लागला आहे. त्याच्याबद्दल लिहितो. बोलता बोलता आपल्या ड्रॉइंगच्या वर्गापर्यंत येईनच, कारण हा नाद तिथलाच आहे.

तुम्हाला आठवत असेल, सरांनी नववीत आपल्याला विषय दिला होता : बंदर. आपल्यापैकी कितीजणांनी तोवर समुद्र पाहिला होता? मुंबईला मामा-काका असलेले चार-पाचजण सोडले तर कोणीच नाही. आपली पिढी बाहत्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन वाढलेली. पाणी म्हणजे टँकर, नाहीतर फार तर सहलीत पाहिलेले मुळा धरण. सरांनी मग एक जुने विलायती कॅलेंडर आणून फळ्यावर टांगले. त्यात शिडांचे जहाज होते आणि खाली खवळलेला समुद्र. ते चित्र कोणत्या चित्रकाराचे, ते आज सांगता येणार नाही. पण इंग्रज लोक समुद्र चांगला काढतात, हे त्या दिवशी डोक्यात बसले ते बसलेच.

निवृत्त झाल्यावर इंग्रजांची समुद्रचित्रे शोधू लागलो, तर सगळ्या वाटा टर्नरकडे जात होत्या. टर्नर मोठाच. पण मला सापडला तो त्याच्या आधीच्या पिढीतला, समुद्राकाठी जन्मलेला आणि आपल्याच मुलखात मेलेला एक जण. जेम्स वेल्स. त्याने मुंबईचे बंदर काढले, पुण्यात बसून पेशव्यांचा चेहरा काढला, वेरूळची लेणी काढली आणि ठाण्यात प्राण सोडला. नाना फडणीसांचा जो उभट, कृश, विचारात पडलेला चेहरा आपण इतिहासाच्या तासाला भिंतीवरच्या चित्रांत पाहिला, तसल्या चित्रांचा माग काढत गेलो तर बऱ्याचदा याच माणसापाशी पोचतो.

वेल्सचा जन्म १७४७ चा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पीटरहेड गावातला. गाव कोळ्यांचे, थंडी-वाऱ्याचे. समोर उत्तर समुद्र. शिक्षण ॲबर्डीनच्या मारिशाल कॉलेजात झाले. चित्रकला मात्र कोणाकडे रीतसर शिकला नाही, बरीचशी आपली आपणच. ॲबर्डीनमध्ये तो पत्र्यावर तैलरंगाने माणसांची छोटी चित्रे काढून स्वस्तात विकत असे. कॅनव्हास महाग, पत्रा स्वस्त. मला हे वाचून फार बरे वाटले. आपल्याकडे दुकानांच्या पाट्या रंगवणारे तरी वेगळे काय करत होते? पत्रा, प्रायमर, ऑइल पेंट. पुढे तो लंडनला गेला. १७८८ आणि १७८९ साली त्याची चित्रे रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागली. गंमत म्हणजे लगेच पुढच्या वर्षी, १७९० साली, त्याच प्रदर्शनात पंधरा वर्षांच्या टर्नरचे पहिले चित्र लागले. एक उगवत होता आणि दुसरा चाळिशी उलटून गेली तरी लंडनमध्ये जम बसवू शकत नव्हता.

जम बसेना म्हणून त्याने हिंदुस्थानची वाट धरली. त्या काळी असे पुष्कळ चित्रकार येत. राजेरजवाड्यांची चित्रे काढायची, गाठीला पैसा बांधायचा आणि परत जायचे. ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी काढून, आफ्रिकेला वळसा घालून, तो जुलै १७९१ मध्ये मुंबईला उतरला. म्हणजे ऐन पावसाळ्यात. वय चव्वेचाळीस. आपल्याकडे या वयात माणूस बदली टाळण्यासाठी अर्ज करतो.

मुंबईत त्याने पहिल्यांदा जे काम केले ते मला सगळ्यात आवडते, म्हणून थोडा रेंगाळतो. १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत त्याने मुंबई बेटाची बारा दृश्ये काढली. मलबार हिलवरून, माझगावच्या टेकडीवरून, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारी मुंबई, शिवाय बंदर आणि घारापुरी. ही मुंबई आपल्या ओळखीची नाही. ताडामाडांची झाडे, टेकड्या, मधूनमधून एखादा बंगला आणि जिकडे पाहावे तिकडे पाणी. सात बेटे अजून पुरती सांधलेली नव्हती. वरळीजवळच्या खिंडारातून समुद्र आत शिरायचा, तो अडवायला हॉर्नबीचा बांध घालून जेमतेम काही वर्षे झाली होती. बांध म्हटला की माझ्यातला खात्याचा माणूस जागा होतो, त्याला इलाज नाही. बंदराच्या चित्रांत शिडांची जहाजे आहेत, पण टर्नरसारखे वादळ नाही. पाणी शांत, क्षितिज लांब, उजेड भरपूर. दूर कोकणच्या डोंगरांची निळी रांग. समुद्राला घाबरणाऱ्याने काढलेली ही चित्रे नव्हेत. लहानपणापासून रोज समुद्र पाहिलेल्याने काढलेली आहेत, हे न सांगता कळते.

ही बारा चित्रे लंडनला १८०० साली छापून निघाली. तेव्हा फोटो नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटे कोरायचे, आम्लाने ते खाऊ द्यायचे, शाई भरून कागदावर दाबून छाप घ्यायचा आणि मग प्रत्येक छापावर हाताने रंग द्यायचा. नाजूक छटा हव्या असतील तर पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून, तो तापवून, टप्प्याटप्प्याने आम्लात बुडवायचा. जितका वेळ आम्लात, तितकी छटा गडद. पुस्तक निघाले तेव्हा वेल्सला जाऊन पाच वर्षे झाली होती. स्वतःचे पुस्तक त्याने पाहिले नाही.

मुंबईहून तो पुण्याला गेला. तिथे मुळा-मुठेच्या संगमावर कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट राहत होता. मॅलेट १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी होता. राजकारणातला मुरलेला माणूस, पण त्याला चित्रांचा, लेण्यांचा, जुन्या वस्तूंचा छंद होता. त्याच्या ओळखीने वेल्सला शनिवारवाड्याचा दरवाजा उघडला.

वर्ष १७९२. सवाई माधवराव अठरा वर्षांचे. नाना फडणीस पन्नाशीचे, म्हणजे वेल्सपेक्षा पाच वर्षांनी मोठे. त्याच उन्हाळ्यात महादजी शिंदे उत्तरेतला मोठा पसारा मागे ठेवून पुण्यात आले होते. आपल्या श्रीगोंद्याचे शिंदे. मराठेशाहीतली सगळ्यात मोठी तीन माणसे एका गावात, आणि हा पीटरहेडचा पत्र्यावर चित्रे काढणारा त्यांच्यासमोर ब्रश घेऊन बसलेला. तिघांचीही चित्रे त्याने काढली. पेशवे आणि नाना एकत्र बसलेले, मागे सेवक, असे जे मोठे तैलचित्र आहे ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात तरुण पेशव्यांच्या अंगावर दागिने आहेत, नानांचा वेश साधा. सत्ता कोणाची आणि कारभार कोणाचा, ते चित्रकाराने दोघांच्या कपड्यांतूनच सांगितले आहे असे मला वाटते. तुम्हाला तसे वाटणार नाही कदाचित. बघा आणि ठरवा.

आणखी एक मोठे दरबारचित्र आहे. टिपू सुलतानाविरुद्ध मराठे आणि इंग्रज यांचा तह झाला १७९० साली. मॅलेटला तो प्रसंग रंगवून हवा होता. अडचण अशी, की वेल्स तेव्हा हिंदुस्थानात आलाच नव्हता. म्हणून त्याने एकेका सरदाराला, कारभाऱ्याला समोर बसवून चेहरे काढले, दरबाराच्या जागेचे रेखाटन केले आणि जमवाजमव सुरू केली. सही झालेल्या कागदाचा नकाशा नंतर जुळवण्याचे काम मीही केले आहे, त्यामुळे त्याच्या कष्टांची थोडी कल्पना येते. चित्र पुरे करायला तो उरला नाही. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने ते १८०५ साली पुरे केले. आता ते टेट या संस्थेच्या संग्रहात आहे.

थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. हिंदुस्थानभर हिंडून त्यांनी चित्रे काढली. परतीच्या वाटेवर १७९३ मध्ये ते मुंबईला आले, तेव्हा वेल्सने त्यांना घारापुरी, कान्हेरी, कार्ले अशी लेणी दाखवत फिरवले. पुढे याच विल्यम डॅनिएलने १८१४ पासून अकरा वर्षे खपून ब्रिटनच्या साऱ्या किनाऱ्याची तीनशेहून जास्त चित्रे काढली. समुद्र काढणाऱ्यांत त्याचे नाव आज वेल्सपेक्षा कितीतरी मोठे आहे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येतो.

वेल्स पुण्यात पोचण्याआधीपासून मॅलेटकडे एक मराठी चित्रकार काम करत होता. गंगाराम चिंतामण तांबट. घराणे भांडी घडवणाऱ्यांचे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, त्यातला गेंडा त्याने १७९० सालीच काढलेला आहे. त्या गेंड्याच्या कातडीच्या घड्या पाहिल्या तर वाटते, याने जनावरासमोर तासन् तास बैठक मारली असणार. पैलवान काढले, वेरूळची लेणी काढली. वेरूळला आपल्या गोसावी गुरूच्या भेटीला गेलेला गंगाराम, असे त्याने स्वतःचे चित्रही काढून ठेवले आहे. त्या काळातल्या मराठी कारागिराने स्वतःला चित्रात बसवावे ही साधी गोष्ट नव्हे. मॅलेटने वेरूळवर लेख लिहून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवला, त्याच्यासोबतची चित्रे गंगारामची होती.

मॅलेटच्या खटपटीने पेशव्यांनी शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू केली. तिथे वेल्सच्या हाताखाली गंगाराम आणि इतर काहीजण शिकले. इंग्रजी पद्धतीने छायाप्रकाश कसा द्यायचा, लांबचे लहान आणि जवळचे मोठे कसे दाखवायचे, तैलरंग कसे लावायचे. मुंबईत जे. जे. स्कूल निघाले १८५७ साली. त्याच्याही साठाहून जास्त वर्षे आधी पुण्यात हा वर्ग भरत होता. आपल्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पर्स्पेक्टिव्हच्या रेघा मारताना डोके धरले, त्यांनी या खोलीची आठवण ठेवावी.

शिष्याने गुरूकडून घेतले तसे गुरूनेही शिष्याकडून घेतले. वेरूळचे काम प्रचंड होते. कैलास लेणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मोजमापाचा आवाका सांगायला नको. आपली आठवीची सहल तिथेच गेली होती. वरून खाली खोदत आणलेले अख्खे देऊळ, त्याचे नकाशे, छेद, खांबांची मापे, शिवाय मूर्ती. हे एकट्या माणसाचे काम नव्हे. वेल्सच्या मदतीला गंगाराम होता, रॉबर्ट मेबन नावाचा एक इंग्रजही होता. घारापुरी, कान्हेरी, कार्ले आणि वेरूळ यांची मिळून मोठा ग्रंथ काढायचा वेल्सचा बेत होता.

१७९५ हे साल आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. ११ मार्चला जामखेडजवळच्या खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाला हरवले. तो शेवटचा मोठा एकत्र विजय. महादजी तो बघायला नव्हते, आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत वानवडीला वारले होते. ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले आणि २७ तारखेला गेले. वय एकवीस. आणि नोव्हेंबर महिन्यात वेल्स गेला. साष्टीतल्या लेण्यांत, कान्हेरीला, ओलसर हवेत काम करताना त्याला ताप भरला, आणि ठाण्याला त्याने डोळे मिटले. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. हिंदुस्थानात उणीपुरी साडेचार वर्षे. इतक्या थोड्या काळात त्याने ज्यांचे चेहरे काढले त्यांतले दोघे त्याच्या आधी गेले.

तिसरे राहिले नाना. त्यांची गोष्ट तर आपल्या उंबऱ्यापाशी येते. दौलतराव शिंद्यांनी १७९७ च्या अखेरीस नानांना दगा देऊन कैद केले आणि आपल्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. १७९८ च्या जुलैपर्यंत ते इथे होते. वेल्सच्या चित्रातला तो माणूस, तोच चेहरा, या खंदकाच्या आत. आपण पंधरा ऑगस्टला किल्ला बघायला जायचो तेव्हा सर नेहरूंची खोली दाखवायचे. नानांबद्दल कोणी काही सांगितल्याचे मला तरी आठवत नाही. दीड वर्षाने, मार्च १८०० मध्ये, नानाही गेले.

मॅलेटने वेल्सची रेखाटने आणि कागद सांभाळले आणि इंग्लंडला नेले. १७९९ मध्ये वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी त्याने लग्न केले. त्यांना आठ मुलगे झाले. वेरूळची चित्रे त्याने थॉमस डॅनिएलच्या हाती सोपवली आणि १८०३ साली चोवीस चित्रांचे पुस्तक निघाले. त्याच साली ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुस्तकाच्या पहिल्या पानावर वेल्सचे नाव आहे आणि डॅनिएलचे आहे. गंगारामचे नाही.

इथे मला थांबावेसे वाटते. आमच्या खात्यात नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकटी असतात. आरेखन कोणी केले, अनुरेखन कोणी केले, तपासले कोणी. साध्या मोरीचा नकाशा असला तरी त्यावर ट्रेसिंग करणाऱ्या पोराची आद्याक्षरे येतात. मी नोकरीला लागलो तेव्हा आधी ती चौकट मिळाली म्हणून केवढा आनंद झाला होता. डॅनिएलच्या पुस्तकात तशी चौकट नव्हती. वेल्सला दोष द्यावा का? तो तर मेलेला. त्याच्या स्वतःच्या डायरीत आणि कागदांत गंगाराम आहे. ती डायरी आणि गंगारामची कितीतरी चित्रे आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत, आणि अलीकडचे अभ्यासक गंगारामचे नाव त्याच्या कामाखाली लिहू लागले आहेत. म्हणजे दोनशे वर्षे लागली.

मला पंचेचाळीस लागली आहेत.

नववीच्या त्या बंदराच्या चित्राला शाळेच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले होते, रंगांची पेटी. बक्षीस घेताना स्टेजवर मी होतो आणि चित्राखाली सहीही माझीच होती. जहाज मी काढले होते, डोलकाठ्या, शिडे, दोर सगळे मोजून-मापून. पण पाणी मला येत नव्हते. तीन कागद फाडले. चौथ्या कागदावरचे पाणी माझ्या बाकावरच्या मित्राने काढले, मधल्या सुट्टीत, डबा न खाता. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. ओल्या कागदावर रंग सोडून कोरड्या ब्रशने लाटेचा माथा कसा पुसून घ्यायचा, हे त्याला त्यांनी शिकवले होते. परीक्षकांनी स्टेजवरून वाखाणले ते पाणीच. मी त्याच्याकडे पाहिले, तो टाळ्या वाजवत होता. मी काही बोललो नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे दोन वर्षे एका बाकावर बसूनही नाही. दहावीनंतर तो वडिलांच्या हाताखाली गेला आणि नगरमधल्या कितीतरी पाट्या त्याने रंगवल्या. फ्लेक्स आला आणि ते काम संपले. मी सरकारी नोकरीत जहाजाच्या दोरांसारख्या सरळ रेघा मारत राहिलो.

त्याचे नाव इथे छापत नाही. ते त्याला विचारूनच छापायला हवे, आणि विचारायला मी अजून गेलेलो नाही. ते चित्र माझ्याकडे आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत, पाणी मात्र टिकून आहे. स्मरणिका तुमच्या हातात असेल तेव्हा ते मांडवात नोंदणीच्या टेबलाजवळ लावलेले असेल. उजव्या कोपऱ्यात माझ्या सहीशेजारी मी पेन्सिलीने एक चौकट आखून ठेवली आहे, रिकामी. खाली ब्रश आणि काळ्या रंगाची बाटली ठेवतो आहे. तू येणार असल्याचे यादीत वाचले आहे.